इंग्रजी लेखनातील दुरुस्ती : देणाऱ्याचे अनुमान आणि घेणाऱ्याचा अर्थ

१. विषयप्रवेश

परभाषेत लिहू लागलेल्या माणसाच्या हातून चुका होतात आणि दुसरे कोणी तरी त्या दुरुस्त करते. ही घटना इतकी नित्याची आहे की तिचा स्वतंत्र विचार करावा असे सहसा कोणास वाटत नाही. शाळेत शिक्षक तांबड्या शाईने दुरुस्ती करतो, विद्यापीठात मार्गदर्शक प्रबंधाच्या समासात खुणा करतो आणि कचेरीत वरिष्ठ पत्राचा मसुदा बदलून देतो. या सर्व ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. चूक ही कागदावर असते, ती ओळखण्यास भाषेचे ज्ञान पुरेसे आहे आणि ती काढून टाकली की काम संपले, असे हे गृहीतक आहे. ते कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी असलेले खराडी हे हवेली तालुक्यातील गाव १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तेथे ईऑनसारखी माहिती-तंत्रज्ञानाची संकुले उभी राहिली आणि जोंधळ्याच्या रानांच्या जागी कचेऱ्या आल्या. या कचेऱ्यांतील कामाचा मोठा भाग इंग्रजी लेखनाचा आहे. परदेशी ग्राहकाला पत्र पाठविणे, झालेल्या कामाचा अहवाल देणे, अडचण कळविणे, मुदत मागणे, हे सारे इंग्रजीतच होते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला तो २००० साली. त्यापूर्वी मराठी शाळेत दाखल झालेल्या मुलाची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. अशा शाळांतून आलेले पुष्कळ लोक आज या कचेऱ्यांत इंग्रजी लिहितात, आणि त्यांचे लेखन दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून जाते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक नमुना रचून पाहू. खराडीतील अशा एखाद्या कचेरीत काम करणाऱ्या तरुणाला परदेशी ग्राहकास पुढील मजकूर कळवावयाचा आहे : ‘अहवाल मी कालच पाठवला आहे. आपण तो तपासून आजच कळवावे.’ मराठीत हा मजकूर निर्दोष आहे आणि सभ्यही आहे. तो इंग्रजीत लिहितो : ‘आय हॅव सेंट द रिपोर्ट येस्टर्डे ओन्ली. यू शुड चेक इट अँड इन्फॉर्म मी टुडे इटसेल्फ.’ वरिष्ठ मसुदा पाहतो आणि झटपट दुरुस्त करून देतो : ‘आय सेंट द रिपोर्ट येस्टर्डे. यू शुड चेक इट अँड इन्फॉर्म मी टुडे.’ दुरुस्त झालेल्या मजकुरात व्याकरणदृष्ट्या आक्षेपार्ह असे काहीही उरलेले नाही. तरीही ही दुरुस्ती चांगली झाली काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते तसे का, हे पाहताना दुरुस्तीचे खरे स्वरूप उलगडत जाते.

२. चुकीकडे पाहण्याच्या दृष्टीतील बदल

महाराष्ट्रात इंग्रजी लेखन शिकविण्याची जुनी रीत भाषांतराची होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. या रीतीत सुटे मराठी वाक्य द्यावयाचे आणि त्याचे इंग्रजी करून घ्यावयाचे असे. वाक्याचा अर्थ आधीच ठरलेला असल्यामुळे उत्तरही बहुधा एकच ठरलेले असे, आणि दुरुस्ती म्हणजे विद्यार्थ्याचे वाक्य त्या ठरीव उत्तराशी ताडून पाहणे, एवढाच अर्थ होता. या रीतीने पुष्कळांना वाक्यरचनेचा पाया मिळाला, हे नाकारता येणार नाही. तथापि तीत ‘तुला काय म्हणायचे आहे?’ हा प्रश्न उद्भवतच नसे. जे म्हणावयाचे ते पुस्तकाने आधीच म्हटलेले असे. दुरुस्तीविषयीची आपली प्रचलित कल्पना याच घडणीत तयार झालेली आहे.

पुढे भाषाविज्ञानाने चुकीचा विचार कारणांच्या अंगाने सुरू केला. रॉबर्ट लॅडो यांचा या विषयावरील ग्रंथ १९५७ चा. मातृभाषा आणि परभाषा यांची रचना शेजारी शेजारी ठेवून पाहिली असता, शिकणाऱ्याला अडचण कोठे येईल हे सांगता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. योगायोगाने त्याच वर्षी अशोक रा. केळकर यांचा ‘मराठी इंग्लिश’ या विषयावरील निबंध ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठी भाषकांच्या इंग्रजी उच्चारांना एक अंतर्गत व्यवस्था आहे आणि ती मराठीच्या ध्वनिव्यवस्थेच्या आधारे उलगडता येते, हा त्या अभ्यासाचा गाभा. डेक्कन कॉलेजात १९५४ नंतर भाषाविज्ञानाच्या अभ्यासाला जी नवी चालना मिळाली, त्याच काळातले हे काम होय. चूक हा अज्ञानाचा अपघात नसून व्यवस्थेचा परिणाम असतो, ही दृष्टी यातून रूढ झाली.

१९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी दोन प्रकारच्या चुकांत भेद केला. एक प्रकार निसटत्या चुकांचा. घाईने, थकव्याने किंवा दुर्लक्षामुळे झालेली ही चूक दाखविताच लिहिणारा स्वतः सुधारू शकतो. दुसरा प्रकार रुजलेल्या चुकांचा. ही चूक लिहिणाऱ्याच्या त्या वेळच्या भाषाज्ञानातून नियमानेच निघते, म्हणून ती त्याला चूक वाटत नाही आणि आपण होऊन सुधारताही येत नाही. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार शिकणाऱ्याची ही भाषा मातृभाषाही नसते आणि परभाषाही नसते. ती दोहोंच्या मधली, स्वतःचे नियम असलेली भाषा असते.

कॉर्डर यांचा आणखी एक भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. चुकलेल्या वाक्याचे शुद्ध रूप दोन रीतींनी ठरविता येते. दुरुस्त करणारा संदर्भावरून तर्क करतो आणि ‘याला असे म्हणावयाचे असावे’ असे ठरवितो, ही एक रीत. लिहिणाऱ्यालाच त्याचा अभिप्राय विचारून मग वाक्य बांधले जाते, ही दुसरी. पहिली रीत अनुमानाची आहे. व्यवहारातील बहुतेक दुरुस्ती याच रीतीने होते, आणि ते अनुमान आहे याची जाणीव देणाऱ्यालाही नसते व घेणाऱ्यालाही नसते.

३. नमुन्याचे पृथक्करण

वरील नमुन्यातील प्रत्येक दुरुस्तीकडे या दृष्टीने पाहता येईल.

(अ) ‘पाठवला आहे’. मराठीत ‘आहे’ने युक्त असलेल्या पूर्ण वर्तमानकाळाबरोबर निश्चित भूतकाळाचे क्रियाविशेषण येऊ शकते. ‘हे काम मी काल केले आहे’ हे वाक्य मराठीत सहज आहे. इंग्रजीत पूर्ण वर्तमान आणि ‘येस्टर्डे’ ही दोन्ही एका वाक्यात बसत नाहीत. तेव्हा दोहोंपैकी एक सोडले पाहिजे, आणि कोणते सोडावयाचे हे व्याकरण सांगत नाही. कधी पाठविले हे सांगण्यावर भर असेल तर ‘आय सेंट इट येस्टर्डे’ हे योग्य. अहवाल आता तुमच्या हाती आहे, पुढचे काम तुमचे, असे सुचवावयाचे असेल तर ‘येस्टर्डे’ सोडून ‘आय हॅव सेंट इट’ हे योग्य. मराठी वाक्यातील ‘आहे’ दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखवितो. वरिष्ठाने पहिला पर्याय निवडला. दोन्ही पर्याय व्याकरणशुद्ध असल्यामुळे आपण निवड करीत आहोत हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

(आ) ‘कालच’ आणि ‘आजच’. ‘च’ या अव्ययाने मराठी माणूस फार थोड्यात फार काही सांगतो. ‘कालच पाठवला’ म्हणजे माझ्याकडून विलंब झालेला नाही. ‘आजच कळवावे’ म्हणजे उद्यावर टाकू नये. लिहिणाऱ्याने या ‘च’साठी ‘ओन्ली’ आणि ‘इटसेल्फ’ हे भारतीय इंग्रजीत रुळलेले शब्द घातले. परदेशी वाचकाला ‘इटसेल्फ’ केवळ चमत्कारिक वाटेल. ‘ओन्ली’ मात्र दगा देऊ शकतो, कारण इंग्रजीत काळवाचक शब्दाबरोबर तो आला असता ‘इतक्या उशिरा, थेट काल’ असा उलट अर्थ निघण्याचा संभव असतो. वरिष्ठाने दोन्ही शब्द काढून टाकले, आणि ते काढणे रास्तच होते. पण त्यांच्याबरोबर ‘च’चा अर्थही गेला. विलंब न झाल्याची सूचना आणि निकड या दोन्ही गोष्टी मजकुरातून नाहीशा झाल्या.

(इ) ‘कळवावे’. विध्यर्थी ‘-वे’ हे मराठी पत्रव्यवहारातील विनयाचे रूप आहे. ‘आपण यावे’, ‘कृपया कळवावे’ यांत आज्ञा सौम्य होते. शाळेतील व्याकरणात मात्र ‘-वे’ला ‘शुड’ हा प्रतिशब्द शिकविला जातो. इंग्रजीतील ‘यू शुड’ हा कर्तव्याची जाणीव करून देणारा प्रयोग आहे, आणि अनोळखी ग्राहकाला तो उपदेशासारखा किंवा ताकिदीसारखा लागतो. सभ्यपणे लिहू पाहणारा माणूस येथे उद्धट ठरतो. वरिष्ठाने या ठिकाणी काहीच बदलले नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने येथे चूकच नाही. सबंध मजकुरातील सर्वांत महाग पडणारी चूक दुरुस्तीच्या जाळ्यातून निसटली ती यामुळे.

लिहिणाऱ्याला दोन प्रश्न विचारले असते, की ‘तुला दिवस सांगायचा आहे की काम झाल्याचे सांगायचे आहे?’ आणि ‘तू विनंती करतोस की सूचना?’, तर दुरुस्ती निराळी झाली असती. ‘आय हॅव ऑलरेडी सेंट द रिपोर्ट. कुड यू प्लीज चेक इट अँड लेट मी नो बाय द एंड ऑफ द डे?’ या मजकुरात ‘ऑलरेडी’ने पहिल्या ‘च’चे काम केले आहे, ‘बाय द एंड ऑफ द डे’ने दुसऱ्याचे, आणि ‘कुड यू प्लीज’ने ‘-वे’चे. मूळ मराठी वाक्यातील एकही अर्थच्छटा येथे गमावलेली नाही.

मराठी भाषकाच्या आणखी दोन चुका या प्रकाशात पाहण्यासारख्या आहेत. ‘बैठक केव्हा आहे?’ आणि ‘बैठक केव्हा आहे ते कळवावे’ या दोहोंत मराठी शब्दक्रम बदलत नाही. इंग्रजीत प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याचा क्रम विधानासारखा होतो. ‘प्लीज टेल मी व्हेन इज द मीटिंग’ ही चूक यातून येते. येथे अर्थाची शंका नसल्यामुळे नियम एकदा सांगितला की पुरते. याच्या उलट ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांची स्थिती. मराठीत उपपदे नाहीत हे सर्वांना ठाऊक असते. पण विशिष्ट आणि अविशिष्ट यांतील भेद मराठीला अगदीच अपरिचित आहे, असे मात्र नाही. ‘ती स्वयंपाकीण शोधते आहे’ आणि ‘ती स्वयंपाकिणीला शोधते आहे’ यांतला फरक प्रत्येक मराठी माणसाला कळतो. पहिल्यात कोणीही स्वयंपाकीण चालेल, दुसऱ्यात ठरावीक बाई हवी आहे. प्राणिवाचक कर्माच्या बाबतीत ‘-ला’ हे काम करतो. ‘अहवाल वाचला’ अशा अप्राणिवाचक कर्माच्या वाक्यात तो बहुधा येत नाही, म्हणून तेथे भेद संदर्भावर सोपविलेला असतो. विद्यार्थ्याला ‘येथे द हवे’ एवढेच सांगण्याऐवजी ‘हा अहवाल वाचणाऱ्याला आधीच माहीत आहे काय?’ असे विचारले, तर त्याच्याच भाषेतील जाणीव उपयोगी पडते. अर्थात हा प्रश्नही पुन्हा अभिप्रायाचाच आहे.

४. दुरुस्तीचा उपयोग होतो काय?

हा प्रश्न शिक्षकांना धक्का देणारा असला तरी संशोधकांनी तो गंभीरपणे घेतला आहे. १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी असे प्रतिपादन केले की परभाषेतील लेखनाच्या वर्गात व्याकरणाची दुरुस्ती निष्फळ, किंबहुना अपायकारक असते आणि ती बंद करावी. भाषेची वाढ हळूहळू आणि स्वतःच्या क्रमाने होते. एका खुणेने ती पुढे ढकलता येत नाही. शिवाय दुरुस्तीच्या भयाने विद्यार्थी लहान आणि सोपी वाक्ये लिहू लागतो. हे त्यांच्या युक्तिवादाचे सार होय. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिले. सर्व दुरुस्ती एकाच मापाने मोजता येत नाही, नीट निवडलेल्या आणि स्पष्ट अशा दुरुस्तीचा निकाल लावण्याइतका पुरावा अद्याप हाती नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे यंगही शीन यांनी २००७ मध्ये आणि जॉन बिचनर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, दुरुस्ती केवळ इंग्रजी उपपदांच्या ठरावीक उपयोगांपुरती मर्यादित ठेवली असता लिहिणाऱ्यांची प्रगती होते आणि ती काही काळ टिकते, असे आढळून आले.

वाद मिटला आहे असे म्हणता येत नाही. परंतु दोन्ही बाजूंना मान्य होईल असा एक निष्कर्ष त्यातून काढता येतो. पानभर तांबड्या खुणा करून सर्व काही एकाच वेळी सुधारण्याचा प्रयत्न बहुधा वाया जातो. एका वेळी एकच गोष्ट, तीही शिकणाऱ्याच्या आटोक्यातली, पुनःपुन्हा दाखविली तर ती रुजण्याचा संभव असतो.

या वादाच्या अगोदर, १९८५ मध्ये, व्हिव्हियन झामेल यांनी लेखनावर शिक्षकांनी केलेल्या शेऱ्यांचाच अभ्यास केला होता. शिक्षक पुष्कळदा विद्यार्थ्याचा अर्थच चुकीचा वाचतात, परस्परविरोधी सूचना देतात आणि ‘स्पष्ट करा’ अशा मोघम शेऱ्यांवर काम भागवितात, असे त्यांना दिसून आले. ट्रस्कॉट व फेरिस यांच्या वादात दुरुस्ती बरोबर आहे हे गृहीत धरून तिचा परिणाम मोजला जातो. झामेल यांचे निरीक्षण त्या गृहीतकालाच हात घालते. अनुमान चुकले असेल तर दुरुस्ती कितीही चांगली रुजली, तरी तिचा उपयोग काय?

५. प्रमाण कोणते?

दुरुस्ती करणारा कोणत्या तरी प्रमाणावर उभा राहून दुरुस्ती करतो. ते प्रमाण कोणते, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. पतंजलीच्या महाभाष्यात, पाणिनीच्या दुसऱ्या अध्यायातील एका सूत्राच्या विवरणात, एक मार्मिक संवाद आलेला आहे. एक वैयाकरण रथाच्या सारथ्याविषयी विचारताना सूत्राला धरून ‘प्रवेता’ हा शब्द वापरतो. सारथी उत्तर देताना स्वतःला ‘प्राजिता’ म्हणवितो. वैयाकरण तो अपशब्द ठरवितो. त्यावर सारथी त्याला सुनावतो की महाराजांना सूत्राची प्राप्ती तेवढी कळते, लोकांना इष्ट असलेला प्रयोग कळत नाही. चिडलेला वैयाकरण सूताची निंदा करण्यासाठी एक शब्द योजतो, तर त्या शब्दाची व्युत्पत्ती चुकली असल्याचे दाखवून सारथी त्याला निंदेचा योग्य शब्दही सांगतो. दुरुस्त करणाऱ्याचीच दुरुस्ती होते, आणि ती ज्याचा व्यवसायच रथ हाकण्याचा आहे त्याच्याकडून होते, ही गोष्ट व्याकरणाच्या थोर भाष्यकाराने नोंदवून ठेवावी, याला अर्थ आहे.

इंग्रजीच्या बाबतीत हा प्रश्न ब्रज कच्रू यांनी उपस्थित केला. भारतात इंग्रजीला जे रूप आले आहे ते ब्रिटिश इंग्रजीची बिघडलेली आवृत्ती नसून तिचा एक स्वतंत्र प्रकार आहे, असे त्यांचे मत होते. ‘पोस्टपोन’च्या जोडीला भारतीयांनी ‘प्रीपोन’ घडविला. तो अर्थाने स्पष्ट आणि घडणीने नियमबद्ध आहे. खराडीतून नागपूरला किंवा बंगळूरला जाणाऱ्या पत्रात तो खोडण्याचे काही कारण नाही. तेच पत्र परदेशी ग्राहकाला जाणार असेल तर वाचणारा अडखळेल, म्हणून तो बदलणे इष्ट. पण हा बदल वाचकासाठी आहे, शुद्धीसाठी नव्हे, हे लिहिणाऱ्याला सांगितले पाहिजे. तसे न सांगितल्यास आपली सारी भाषाच सदोष आहे अशी त्याची समजूत होते.

६. दुरुस्ती घेणारा

मराठीत लेखनाच्या नियमांना ‘शुद्धलेखन’ म्हणतात. ‘शुद्ध’ या शब्दाबरोबर ‘अशुद्ध’ येतो, आणि त्याच्या मागोमाग विटाळाची छाया येते. मराठवाड्यातील किंवा वऱ्हाडातील मुलाची पहिली दुरुस्ती इंग्रजीत होत नाही, ती मराठीतच होते. त्याच्या घरची बोली शाळेत अशुद्ध ठरते. इंग्रजीची वेळ येईपर्यंत दुरुस्ती म्हणजे आपल्या माणसांत आणि इतरांत असलेले अंतर दाखविणारी खूण, हा अनुभव त्याच्या पदरी पडलेला असतो. खराडीच्या कचेरीत चारचौघांदेखत त्याचे वाक्य खोडले जाते, तेव्हा त्याच्या मनात केवळ वर्तमानकाळ दुरुस्त होत नसतो.

याचा परिणाम लेखनावर कसा दिसतो, हे जॅकलीन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. काही भाषांचे विद्यार्थी इंग्रजीतील संबंधी वाक्यात फार थोड्या चुका करतात असे आढळले, परंतु त्याचे कारण ते अशी वाक्ये लिहिणेच टाळीत होते. चुकांची संख्या कमी होणे हे नेहमीच प्रगतीचे लक्षण नसते. ज्याची वाक्ये वारंवार खोडली जातात तो सुरक्षित वाक्ये लिहू लागतो. गुंतागुंतीची अडचण दोन ओळींत उरकली जाते, शंका विचारली जात नाही, असहमती नोंदविली जात नाही. असा माणूस निर्दोष लिहितो, पण जे सांगावयास हवे ते सांगत नाही. दुरुस्तीतील खरी हानी ही आहे, आणि ती कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

भाषा सुधारणे आणि अर्थ सुधारणे यांतील सीमा किती सहज ओलांडली जाते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टनमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी एका इंग्रजी निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून ब्रिटिश राज्यावर टीका केली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती काही काळ थांबविली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. रानड्यांच्या इंग्रजीत दोष नव्हता. दोष काढला गेला तो अभिप्रायात. एवढी उघड दुरुस्ती आज क्वचित होते. परंतु ‘तुला असे म्हणायचे नसेल’ असे गृहीत धरून वाक्य बदलणारा प्रत्येक जण नकळत त्याच वाटेवर पाऊल टाकीत असतो.

याच संदर्भात आनंदीबाई जोशी यांचा विचार करता येतो. १८६५ मध्ये पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाईंना शिक्षण मिळाले ते पती गोपाळराव यांच्या हट्टाने. त्या शिक्षणात धाक आणि मारझोड यांचा वाटा होता, हे आनंदीबाईंच्याच पुढील एका पत्रावरून दिसते. १८८० पासून न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा इंग्रजीत पत्रव्यवहार सुरू झाला. हिंदुस्थानातील चालीरीती, सण, घरसंसार, प्रकृती अशा विषयांवर त्या लिहीत गेल्या. १८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूर येथे, आपण अमेरिकेस का जात आहोत हे त्यांनी इंग्रजी भाषणातून सभेपुढे मांडले, तेव्हा त्यांच्या वयाला अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. या प्रगतीचे सर्व श्रेय पत्रव्यवहाराला देणे धाडसाचे होईल. परंतु एवढे खरे की तेथे पलीकडे परीक्षक बसलेला नव्हता. आनंदीबाईंना काय म्हणावयाचे आहे हे जाणण्याची इच्छा असलेली वाचक तेथे होती. पाठमालेच्या सुट्या वाक्याला असा वाचक नसतो.

७. देण्याघेण्याची रीत

वरील विवेचनातून काही व्यावहारिक सूत्रे निघतात. दुरुस्ती देणाऱ्याने प्रथम चुकीचा प्रकार ओळखावा. निसटती चूक असेल तर नुसती अधोरेखा पुरे. योग्य रूप लिहून देणे म्हणजे लिहिणाऱ्याला स्वतः करता येण्यासारखे काम त्याच्याकडून काढून घेणे होय. रुजलेली चूक असेल तर अधोरेखा व्यर्थ आहे, कारण त्याला तेथे काहीच चुकलेले दिसत नाही. तेथे योग्य रूप द्यावे, कारण सांगावे, आणि शक्य तेथे ते मराठीच्या आधारे सांगावे. ज्या ठिकाणी एकाहून अधिक शुद्ध पर्याय संभवतात त्या ठिकाणी वाक्य बदलू नये, प्रश्न विचारावा. व्याकरण निर्दोष असले तरी वाचणाऱ्याच्या कानाला ते कसे लागेल, हेही पाहावे. एका बैठकीत एकदोन गोष्टींपलीकडे जाऊ नये, आणि चारचौघांत तर नाहीच.

घेणाऱ्याच्या बाजूनेही काही कर्तव्ये आहेत. दुरुस्त होऊन आलेला मसुदा तसाच पुढे पाठविणे म्हणजे दुरुस्ती न घेणे होय. आपले वाक्य आणि बदललेले वाक्य शेजारी ठेवावे आणि आपला अर्थ दुसऱ्यात उतरला आहे काय ते पाहावे. उतरला नसेल तर तसे सांगावे. हे सांगणे उद्धटपणाचे नाही, कारण अभिप्रायाच्या बाबतीत लिहिणाराच अधिकारी आहे. मग वाक्य पुन्हा स्वतःच्या हाताने लिहावे. त्याच त्या चुकांची एक वही ठेवली तर त्यांतील नियम हळूहळू स्वतःलाच दिसू लागतो.

अलीकडे दुरुस्तीचे काम मोठ्या प्रमाणावर यंत्राकडे गेले आहे. मसुदा देताच संगणक क्षणार्धात निर्दोष इंग्रजी परत करतो. चारचौघांत खोडले जाण्याचा अपमान त्यात नाही, हा त्याचा मोठा गुण मानला पाहिजे. परंतु तेथेही दुरुस्ती अनुमानानेच होते, आणि ते अनुमान इतक्या सफाईने केलेले असते की ते अनुमान आहे हे कळतही नाही. यंत्राला मराठी वाक्य आणि प्रसंग सांगून ‘यातून कोणते अर्थ निघतात?’ असे विचारले तर ते साहाय्यक होऊ शकते. नुसते ‘सुधारून दे’ म्हटले तर तेही खराडीतल्या त्या घाईच्या वरिष्ठासारखेच वागण्याचा संभव आहे.

८. समारोप

सारांश, चूक कागदावर दिसत असली तरी तिची दुरुस्ती कागदावर ठरत नाही. लिहिणाऱ्याचा अभिप्राय, वाचणाऱ्याची अपेक्षा आणि भाषेचा नियम या तिहींचा मेळ जेथे बसतो तेथे ती ठरते. यांपैकी नियमाचे ज्ञान दुरुस्त करणाऱ्याकडे अधिक असते, आणि बहुधा वाचणाऱ्याच्या अपेक्षेचेही. अभिप्रायाचे ज्ञान मात्र केवळ लिहिणाऱ्याकडे असते. म्हणून चांगली दुरुस्ती दोघांनी मिळून करावयाची असते, आणि तिचा आरंभ ‘हे चूक आहे’ या निर्णयाने न होता ‘तुला काय म्हणायचे आहे?’ या प्रश्नाने होतो. तो प्रश्न इंग्रजीतच विचारला पाहिजे असे नाही. नमुन्यातील तरुणाला तो मराठीत विचारला असता, तर ‘कालच’ आणि ‘कळवावे’ या दोन शब्दांत जे होते ते सारे पत्रातून पलीकडे पोहोचले असते.